कारण: वारा

दहावीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर अगदी वरती काही सूचना छापलेल्या असतात. मुलं त्या वाचत नाहीत, कारण दोन तासांत 40 गुणांचा फडशा पाडायचा असतो. मोठी माणसं वाचत नाहीत, कारण त्यांची दहावी उरकलेली असते. आवश्यक तेथे सुबक आकृती काढावी. रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. प्रमेयाची सिद्धता लिहिताना आकृती आवश्यक आहे. आशय एवढाच. पण त्यातली मधली सूचना मोठ्या अक्षरांत छापून मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये चिकटवावी, अशी माझी जुनी मागणी आहे.

कोनाचा दुभाजक काढलात, तर कंपासने मारलेले कंस कागदावर दिसले पाहिजेत. रेघ बरोबर जागी आली म्हणून भागत नाही. ती तिथे कशी आली ते दाखवा. मुलगा हुशार असला, नजरेच्या अंदाजाने त्याने कोन बरोबर मधोमध कापला, तरी गुण नाहीत. अख्ख्या महाराष्ट्रात खोडरबरावर बंदी घालणारं हे एकमेव सरकारी कलम असावं. बाकी सगळीकडे उत्तर आलं रे आलं की खुणा पुसायची घाई. विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण रातोरात पलीकडच्या नाल्यावर सरकतं तेव्हा ते कुठल्या कंसाने, कुठला केंद्रबिंदू धरून सरकलं, हे विचारायला माहितीचा अधिकार वापरावा लागतो. पंधरा वर्षांच्या पोराकडून मात्र आपण हे फुकटात वसूल करतो.

जूनमध्ये शाळा उघडली की भूमितीचा पहिला तास निव्वळ धोरणात्मक असतो. वही 200 पानी, एका बाजूला कोरी. कव्हर खाकी. आकृती पेन्सिलने, लिखाण निळ्या पेनने, ‘सिद्धता’ या शब्दाखाली पट्टीने रेघ. पेन्सिलीला टोक हवं. समास सोडलेला हवा. कंपासपेटी रोज हवी, विसरल्यास वर्गाबाहेर. म्हणजे भूमितीची पहिली अट दप्तराला आहे, डोक्याचा नंबर दिवाळीनंतर. कंपासपेटीतल्या मंडळींचीही श्रेणी ठरलेली. कंपास कामाचा. कोनमापक आणि पट्टी हरवण्यासाठी. कर्कटक बाकावर नाव कोरण्यासाठी. आणि ते दोन त्रिकोणी गुण्ये, ते कशासाठी असतात हे न कळताच पिढ्यान् पिढ्या दहावी पास झाल्या. पेटीतून एकदाही बाहेर न येता सन्मानाने निवृत्त होणारं असं दुसरं पद महामंडळांतच सापडेल.

वर्गाचे नियम लिहून काढायची हौस आपल्याकडे आजची नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला इसवी सन 1207च्या सुमाराचा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने मठ काढला, त्याला मिळालेल्या देणगीची ही नोंद. लेखाचा बराचसा भाग संस्कृत, घराण्याच्या कौतुकाचा. शेवटी मात्र लेख मराठीवर येतो, कारण मुद्दा पैशाचा येतो. बाजारात माल विकला की मठाला काय, गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या किती, घाण्यामागे तेल किती. आपल्या भाषेतल्या अगदी जुन्या लिखित मजकुरांपैकी हा एक, आणि तो गणिताच्या क्लासच्या फीबद्दल आहे! आठशे वर्षांत सुपारीचा ऑनलाइन हप्ता झाला, एवढंच. पण त्यात एक कलम असंही आहे की गावात जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं. माप गणितवाल्यांकडे ठेवण्याची ही कल्पना पुढे कोणी बंद पाडली, याचा शोध लागला पाहिजे. संशयित बरेच आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. भूमितीच्या वर्गात एक गोष्ट अशी मागितली जाते, जी बाकीच्या कुठल्या तासाला कोणी मागत नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे विधाने, उजवीकडे कारणे. वर पक्ष, म्हणजे काय दिलंय. साध्य, म्हणजे काय दाखवायचंय. मग पायरी पायरीने खाली. प्रत्येक पायरीपुढे कारण. इतिहासाच्या पेपरात कारणं पाच असतात आणि ती गाइडमध्ये मिळतात. इथे कारण एकच लागतं आणि ते त्याच पायरीचं लागतं.

‘‘सर, ते दोन कोन सारखेच दिसतायत की.’’

‘‘दिसतायत ते तुझ्या डोळ्यांना. कारण लिही.’’

हा संवाद ज्या वर्गात एकदा तरी झाला, तो वर्ग लोकशाहीला पोषक, असं माझं मत आहे. आकृती हवीच, पण आकृतीत दिसतंय म्हणून ते खरं, हे चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पाहून दंगलीला निघणाऱ्या देशात सातवी-आठवीपासून सक्तीची करावी अशी ही सवय आहे. ती आहेही सक्तीची. अडचण पुढची आहे.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झालं. 26 ऑगस्ट 2024 रोजी पुतळा कोसळला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी कारण सांगितलं, ताशी 45 किलोमीटर वेगाचा वारा. हेच एखाद्या मुलाने वहीत लिहिलं असतं तर? विधान: पुतळा पडला. कारण: वारा. सरांनी लाल पेनने गोल केला असता आणि वही परत फेकली असती. कारण समुद्रकिनारी वारा असतो, पावसाळ्यात तो जोरात असतो, ही माहिती पक्षात येते. ती दिलेलीच असते. ती धरूनच पुढची रचना करायची असते. दिलेल्या गोष्टीला शेवटच्या ओळीत कारण म्हणून आणणाऱ्या मुलाला आपण ‘‘उद्या वडलांना घेऊन ये’’ म्हणतो.

दुसरं उदाहरण अंधेरीचं. गोखले पूल नव्याने बांधला आणि त्याची एक बाजू 26 फेब्रुवारी 2024 रोजी खुली केली. तेव्हा मुंबईच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, ज्याला तो मिळायचा, तो दीड-दोन मीटर खाली राहिलाय. दोन पूल शेजारी शेजारी, एकमेकांकडे बघत. रेल्वेने उंचीचा नियम बदलला, असं कारण पालिकेने दिलं. कारण म्हणून ते बरं आहे, निदान वाऱ्यापेक्षा घट्ट आहे. पण भूमितीत रचनेच्या प्रश्नाला आधी कच्ची आकृती काढायला लावतात, पेन्सिलने, हातानेच, मापं लिहून. आपला बिंदू जिथे येणार आहे तिथे दुसरी रेघ आहे का, हे बघायला. त्यासाठी दोन मिनिटं लागतात. पुढे आयआयटी आणि व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना बोलावून, जॅक लावून जुना पूल वर उचलला आणि जुलैत दोघांची गाठ घालून दिली. अभियांत्रिकी म्हणून हे काम खरोखर नावाजण्यासारखं होतं, उपरोध नाही. फक्त ते खाडाखोड या सदरात मोडतं.

भोपाळने तर कमाल केली. तिथल्या ऐशबागच्या रेल्वे उड्डाणपुलाचं वळण 2025च्या जूनमध्ये देशभर गाजलं. 18 कोटींचा पूल, आणि मध्येच काटकोन. लोकांनी हसून घेतलं, सरकारने सात अभियंते निलंबित केले, ठेकेदाराला काळ्या यादीत टाकलं. ठेकेदार उच्च न्यायालयात गेला. तज्ज्ञाने जागेवर जाऊन मोजलं तर कोन निघाला 118 ते 119 अंशांचा. म्हणजे बांधणाऱ्याने कोन बघितला नाही आणि शिक्षा करणाऱ्यानेही मोजला नाही. कोनमापकावर आकडे दोन्ही बाजूंनी लिहिलेले असतात, त्यामुळे सहावीतलं पोर हमखास 60च्या जागी 120 वाचतं. ती चूक क्षम्य आहे. पण 90 हा एकच आकडा असा आहे की तो डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, 90च राहतो. तो चुकवायला राज्यपातळीवरची यंत्रणा लागते.

इथे वाचक खूश होऊन मान डोलावतो. पुढाऱ्यांना, अभियंत्यांना बरं झालं, असं म्हणतो. जरा थांबा. ही मंडळी आकाशातून पडली नाहीत. ती आपल्याच वर्गांतून, आपल्याच सरांच्या हाताखालून, बहुतेक गणितात चांगले गुण घेऊन बाहेर पडली. तेव्हा त्या वर्गाचं खरं धोरण काय असतं ते बघू. फळ्यावरचं नव्हे. तिथे ‘का ते सांगा’ असंच लिहिलेलं असतं.

खरं धोरण क्रमांक एक: प्रमेय पाठ करावं. पायथागोरसचं प्रमेय, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, कोनदुभाजकाचं, स्पर्शिका-छेदिकेचं, यांची यादी ‘आयएमपी’ म्हणून फळ्यावर चढते. ज्याच्यापुढे दोन चांदण्या ते यंदा पक्कं. मग मुलं सिद्धता पाठ करतात, उजवीकडच्या कारणांसकट. म्हणजे कारणसुद्धा पाठ. ‘कोको कसोटी’, ‘बाकोबा कसोटी’ ही आरतीच्या चालीवर म्हणण्यासारखी गोड नावं आहेतच. वहीत त्रिकोण एबीसी असतो आणि परीक्षेत पीक्यूआर आला की वर्गातली निम्मी पोरं अशी बघतात, जणू लग्नाच्या मंडपात भलतीच नवरी उभी आहे. त्रिकोण तोच आहे, बाळ. नाव बदललंय. पण ते सांगायला पर्यवेक्षकाला परवानगी नाही.

त्यातही सुधारणा झाली. ‘कृती पूर्ण करा’ नावाचा प्रश्न आला. सिद्धता छापूनच दिलेली, मधूनमधून रिकाम्या चौकटी. चौकटीत शब्द भरा. 40 पैकी 7 गुण अशा कृतींचे. हेतू चांगला होता, घाबरलेल्या पोराला हात द्यायचा. झालं काय, तर सिद्धता हा फॉर्म झाला. तलाठी कार्यालयात मिळतो तसा. अर्जदाराने फक्त ठळक जागी माहिती भरावी. आणि फॉर्म भरायची सवय लागलेला माणूस मोठा झाल्यावर निविदाही तशीच भरतो, प्रमाणपत्रही तसंच देतो. ‘पुलाची पाहणी केली असून तो [चौकट] आहे.’ सुस्थितीत लिहा, सही करा, पुढची फाइल.

सगळ्यात शेवटी पाचवा प्रश्न असतो, 3 गुणांचा. तो खरा. त्यात पुस्तकात नसलेलं काहीतरी विचारतात, दोन प्रमेयं एकत्र आणावी लागतात, एखादी रेघ आपल्या मनाने काढावी लागते. चार-पाच मिनिटं पेन खाली ठेवून नुसतं बघत बसावं लागतं. यावर क्लासचं धोरण स्पष्ट आहे: वेळ उरला तर बघा. 37 गुण सुरक्षित करा, 3 गुणांसाठी डोकं चालवू नका. एवढं नेमकं आर्थिक नियोजन रिझर्व्ह बँकेकडूनही होत नाही. क्लासवाल्यांना दोष द्यायचा नाही, ते गिऱ्हाइकाला हवा तो माल देतात. सुट्टीच्या बॅचमध्ये भूमिती मे महिन्यात सुरू होते आणि दिवाळीआधी संपते. शाळा अजून समरूपतेत असते तेव्हा क्लासचं महत्त्वमापन झालेलं असतं. मग वर्गात सर ‘‘का?’’ विचारतात तेव्हा पुढच्या बाकावरून उत्तर येतं, ‘‘सर, क्लासमध्ये झालंय.’’ का याचं हे उत्तर होत नाही, पण सर तरी किती वाद घालणार. वर्गात 70 पोरं, डोक्यावर निवडणुकीची ड्यूटी, शिवाय कुठलीशी माहिती संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर भरायची आहे.

पालकांच्या अपेक्षा वेगळ्याच. पालकसभेत भूमितीच्या सरांना तीन प्रश्न येतात. याचा पुढे उपयोग काय? मागच्या वर्षी यातलं काय आलं होतं? आणि, अंतर्गतचे 20 पूर्ण देताय ना? पहिल्या प्रश्नावर सर जमिनीची मोजणी, घराचं छत, शिवण, सुतारकाम असं काही सांगतात आणि पालक माना हलवतात. खरं उत्तर असं आहे की, ताई, तुमच्या मुलाने मोठेपणी कोणाचं काही ऐकलं तर ‘हे कशावरून?’ असं विचारावं, हा उपयोग. पण ते सांगण्यात धोका असतो. पहिल्यांदा तो घरातच विचारील.

गुणांचं धोरणही बघण्यासारखं आहे. बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत मूल्यमापन 20. उत्तीर्ण व्हायला सगळं मिळून 35. दोन्ही भागांची बेरीज होत असल्याने भूमिती ऑप्शनला टाकणारी एक परंपराच आहे. अंतर्गतचे गुण सढळ हाताने मिळतात, बीजगणितात समीकरणं सुटतात, झाले की. विधाने-कारणे या भानगडीत न पडताही गणितात पास होता येतं. आणि टक्केवारी ‘बेस्ट फाइव्ह’ची, म्हणजे सहा विषयांतला सगळ्यात पडका विषय हिशेबात धरतच नाहीत. गणित पडकं निघालं, तर गणित वगळून गणित!

निकालाचं सांगायचं तर त्यात एक सुंदर प्रमेय दडलंय. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतले, राज्याचा दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पालक, शाळा, पुढारी सगळे हवालदिल. 2021 मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लावला, तो 99.95 टक्के लागला. पक्ष: परीक्षा नाही. साध्य: सगळे हुशार. सिद्धता: वरीलप्रमाणे. कोविडमध्ये दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं हे मला मान्य आहे, त्या पोरांना त्यावरून टोमणे मारणं तर पापच. मला कुतूहल आहे ते उरलेल्या 0.05 टक्क्यांचं. एवढ्या सगळ्यातून जे नापास झाले, त्यांच्याकडे काहीतरी ठाम भूमिका असणार.

आता नवा नियम येऊ घातलाय. 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातून बातमी आली: गणित किंवा विज्ञानात 35च्या खाली पण 20च्या वर गुण पडले, तरी मुलाला अकरावीला जाता येईल. फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल, की याला पुढे गणित-विज्ञानाचे अभ्यासक्रम घेता येणार नाहीत. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोचला की हे लागू होणार. यावर बराच गदारोळ झाला, दर्जा घसरला वगैरे. मला यात दर्जाचं काही दिसत नाही. गाणं शिकणाऱ्या, शेती करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या पोराला वर्तुळाच्या स्पर्शिकेपायी घरी बसवणं हा मूर्खपणाच होता. माझी तक्रार शेऱ्याच्या मजकुराबद्दल आहे. तो अर्धवट आहे. शेरा मिळालेला मुलगा अभियंता होणार नाही, ठीक. पुलाचा कोन काढणार नाही, पुतळ्याचा पाया मोजणार नाही. पण त्या पुलाची फीत कापायला, पुतळ्याच्या निविदेवर सही करायला आणि दोन्ही पडल्यावर वाऱ्याचा वेग सांगायला त्याला मोकळीक आहे, कारण त्या कामांसाठी गुणपत्रिका मागायची पद्धत नाही.